मंदाताईंच्या लाडवांचं सिंगापूर प्रकरण

"अगं सुलभा, खिडकीजवळची सीट मिळाली बघ," मंदाताई फोनवर म्हणाल्या. त्या लेस्टरहून हीथ्रोला निघालेल्या कोचमध्ये, म्हणजे लांबच्या बसमध्ये, होत्या आणि मी बेलग्रेव्ह रोडजवळच्या आमच्या ट्रॅव्हल एजन्सीत, माझ्या डेस्कवर. संध्याकाळी त्यांचं सिंगापूरचं विमान होतं. "मोठी बॅग खाली दिली. डिंकाच्या लाडवांचा डबा मात्र पायाशी ठेवलाय. खाली आपटला तर भुगा व्हायचा."

मी चहात बुडवलेलं बिस्किट तिथेच विरघळलं.

"ताई, लाडवांत खसखस घातलीय?"

"म्हणजे काय? खसखशीशिवाय डिंकाचा लाडू होतो का कधी?"

मी डोक्याला हात लावला. जगात इतके देश आहेत, इतकी शहरं आहेत. खसखस चालत नाही असं नेमकं सिंगापूर, आणि तिथेच बाई खसखशीचे लाडू घेऊन निघालेली.

मी मूळची सांगलीची. लेस्टरला आले त्याला जमाना झाला आणि तेव्हापासून लोकांची तिकिटं काढतेय. हल्ली तिकीट काय, कुणीही फोनवर काढतं. आमच्याकडे लोक येतात ते पुढच्यासाठी. तिथे उतरल्यावर काय करायचं, काय न्यायचं, काय न्यायचं नाही. सिंगापूर माझ्या चांगल्या ओळखीचं. एजंटांना एखादं शहर दाखवायला फुकट नेतात, त्याला आमच्यात फॅम ट्रिप म्हणतात. तशा ट्रिपा मी सिंगापूरच्या केल्यात. हॉटेलांच्या खोल्या बघून बघून कंटाळलेय आणि हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे तिथल्या खाण्याच्या स्टॉल्सच्या मोठ्या मंडईत, जेवून जेवून सुखावलेय.

माझी कामाची एक पद्धत आहे. निघायच्या आधी मी माणसाला समोर बसवते आणि बॅग तोंडी भरायला लावते. काय काय घेताय, बोला. यात फार गोष्टी सापडतात. एक गृहस्थ पिशवीभर अडॅप्टर घेऊन निघाले होते. त्यांना सांगितलं, काका, सिंगापूरला आपल्या इंग्लंडसारखाच तीन पिनांचा प्लग आहे, ठेवा ते घरी. एकाच्या खिशात व्हेप, म्हणजे ती ई-सिगरेट, निघालं. म्हटलं, हे तिथे नेलंस तर सुट्टीचं वाटोळं होईल. च्युइंगम तर मी काढूनच घेते. झोपेच्या आणि जोरदार पेनकिलर गोळ्या असल्या तर आधी बघावं लागतं, कारण काहींना तिथली परवानगी लागते आणि डॉक्टरचं प्रिस्क्रिप्शन बरोबर असलेलं बरं. माणूस बोलता बोलता सगळं सांगतो. नुसतं "काही बंदी असलेलं नाही ना?" असं विचारलं तर सगळेच नाही म्हणतात.

मंदाताईंनाही बसवलं होतं. मंदाताई शिर्के म्हणजे इथल्या निवृत्त डॉक्टर शिर्क्यांच्या बायको. त्यांची मुलगी नेहा लेस्टरलाच जन्मली, वाढली आणि आता सिंगापूरला बँकेत आहे. तिचं पहिलं बाळंतपण. खूप वाट बघून, खूप औषधपाणी करून राहिलेलं बाळ. मंदाताई चांगल्या आरामात आधी पोचणार होत्या. पण तिथल्या डॉक्टरांनी अचानक सांगितलं, आता कधीही होईल. जावई समुद्रात तेलाच्या प्लॅटफॉर्मवर कामाला आणि वादळामुळे हेलिकॉप्टर बंद. डॉक्टरसाहेबांचं गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, ते हलू शकत नव्हते. म्हणजे नेहाजवळ आपलं म्हणावं असं एकही माणूस नाही.

नेहाने मला स्वतः फोन केला. "सुलभामावशी, आईचा फ्लाइट लवकरचा मिळेल का? मी ओके आहे, बट मला एकटा नाही राहायचं." तिचं मराठी असंच आहे, लेस्टरचं. पण शेवटचं वाक्य बोलताना तिचा आवाज बारीक झाला. मी जेवण बाजूला ठेवून तिकीट रीइश्यू केलं, म्हणजे तेच तिकीट अलीकडच्या तारखेवर आणलं. एक सीट उरली होती. ती मिळाली तेव्हा मी खुर्चीतच टाळी वाजवली.

मग मंदाताईंची शिकवणी घेतली. त्यांचं ऑनलाइन अरायव्हल कार्ड मीच भरलं. ते सरकारी साइटवर, पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचं असतं आणि फुकट असतं, पण त्याच्यासारख्या दिसणाऱ्या आणि फी उकळणाऱ्या साइट्स बऱ्याच आहेत. सुती कपडे घ्या, पण शालही घ्या, कारण बाहेर घामाच्या धारा आणि आत एसीने दात वाजतात. नळाचं पाणी बिनधास्त प्या. एमआरटी म्हणजे तिथली ट्रेन, तिला तुमचं इथलं काँटॅक्टलेस कार्ड चालतं, पण आत काही खायचं-प्यायचं नाही. पाण्याचा घोटसुद्धा नाही. हॉकर सेंटरमध्ये रिकाम्या टेबलावर टिश्यूचं पाकीट दिसलं तर ती जागा कुणीतरी धरलीय असं समजा. फुकटचं दिसतंय म्हणून उचलू नका. आणि जेवल्यावर आपला ट्रे आपण उचलून ठेवायचा.

"मी काय तिथे टेबल धरायला चाललेय का गं? बाळंतपण करायला चाललेय," असं म्हणत त्यांनी सगळं ऐकलं. बॅगही तोंडी भरली. बाळाची दुपटी, ओवा, बाळंतशोपा, स्वतःच्या बीपीच्या गोळ्या, नेहाचा लहानपणचा एक स्वेटर. "संपलं," म्हणाल्या. मी खूश झाले.

आणि आता हा लाडवांचा डबा.

"ताई, मी बॅग विचारली तेव्हा लाडू का नाही सांगितलेत?"

"तू सामान विचारलंस. हा खाऊ आहे."

आपल्या लोकांचं असंच आहे. सामान काट्यावर ठेवायचं असतं, खाऊ नुसता न्यायचा असतो. कपाळ माझं.

मी त्यांना शांतपणे सांगायला घेतलं. खसखस म्हणजे अफूच्या बोंडातलं बी. आपल्याकडे ती वाटणात घालतात, इथे पावावर भुरभुरतात, कुणाला त्याचं काही नाही. पण सिंगापूरचा अमली पदार्थांचा कायदा भयंकर कडक आहे आणि तिथे खसखस आणायला मनाई आहे. लाडवात वळलेली खसखस चालते की नाही, याची परीक्षा आपण विमानतळावर द्यायची नसते.

त्या एकदम चिडल्या. आपण काय तिथे अफू विकायला चाललोय का, असं म्हणाल्या. गुडघे दुखत असताना उभं राहून डिंक तळला, खारीक कुटली, आणि आता तू म्हणतेस टाकून दे? पहिलटकरणीला आई डिंकाचे लाडू नाही देणार तर कोण देणार? एवढं बोलून, रेंज गेली असं सांगून त्यांनी फोन ठेवला. रेंज काही गेली नव्हती. मला मागून कोचमधलं एक मूल रडताना व्यवस्थित ऐकू येत होतं.

आमचे बॉस किरीटभाई शेजारच्या टेबलावरून सगळं ऐकत होते. त्यांचं म्हणणं पडलं की प्रवासाला थेपल्यांसारखं दुसरं काही नाही आणि थेपल्यात खसखस घालायचा प्रश्नच येत नाही. मी म्हटलं, किरीटभाई, आत्ता नको.

मी डॉक्टरसाहेबांना फोन लावला. डॉक्टर माणूस, भूल देण्यात आयुष्य गेलेलं. अफू काय, मॉर्फिन काय, त्यांना मी सांगायची गरज नव्हती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"सुलभा, तुझं शंभर टक्के बरोबर आहे," ते म्हणाले.

"मग तुम्ही सांगा ना त्यांना."

"छे. लाडवांबद्दल मी तिला काही बोलत नाही. आमचा संसार त्यावरच टिकलाय."

घ्या. एवढा मोठा डॉक्टर, आणि लाडवापुढे शेपूट घातलं. मी पुन्हा मंदाताईंना फोन लावला. त्यांनी उचलला नाही. पुन्हा लावला. चौथ्या-पाचव्यांदा उचलला आणि "बोल" एवढंच म्हणाल्या. आता गोडीगुलाबीत वेळ घालवण्यात अर्थ नव्हता. कोच मोटरवेवर होता.

"ताई, मी रागाने बोलत नाहीये," मी म्हटलं. "डबा घेऊन गेलात तर कदाचित कुणी बघणारही नाही. पण बघितला तर तुम्हाला बाजूला घेतील. खोलीत बसवतील, विचारतील, तपासायला पाठवतील. किती वेळ, ते मी सांगू शकत नाही. तेवढ्या वेळात नेहाला लेबर रूममध्ये नेलं, तर तिचा हात कोण धरणार?"

पलीकडे डब्याचं झाकण वाजलं.

"मग मी रिकाम्या हातांनी जाऊ का लेकीकडे?" त्या म्हणाल्या. हे त्या चिडून म्हणाल्या नाहीत.

माझी आईसुद्धा पहिल्यांदा इकडे आली तेव्हा बॅगेत कपडे कमी आणि डबे जास्त होते. मी म्हटलं, "ताई, तिथल्या लिटिल इंडियात डिंक मिळतो, खारीक मिळते, सुकं खोबरं, गूळ, तूप सगळं मिळतं. टेक्का सेंटरच्या आसपासची दुकानं बघा, एमआरटीचं स्टेशन अगदी लागून आहे. तिथे वळा लाडू. हात तर तुमच्याबरोबरच येणारेत ना?"

"बघते," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. मी पुन्हा लावला तर फोन बंद.

आता "बघते" याचा अर्थ काय लावायचा? लेस्टरमधली निम्मी मराठी मंडळी मंदाताईंना ओळखतात. त्या "बघते" म्हणाल्या की त्या बघत नाहीत, आपल्या मनासारखं करतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मी त्या दिवशी काम केलं खरं, पण कशात लक्ष नव्हतं. एका माणसाला लिस्बनऐवजी लंडनची हॉटेलं दाखवत बसले. घरी जाऊन नवऱ्यावर उगाचच ओरडले. तो बिचारा म्हणाला, अगं, मी लाडू मागितलेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात आल्या आल्या विमान कुठे आहे ते पाहिलं. ठीक चाललं होतं. मग ते उतरलं. मी फोन समोर ठेवून बसले. उतरल्यावर बॅग घ्यायला जितका वेळ लागेल तितका धरला. त्यावर आणखी थोडा धरला. फोन नाही. मेसेज केला, तो पोचलाच नाही. डोळ्यांसमोर एक खोली, टेबलावर उघडा डबा आणि डब्याभोवती गणवेशातली माणसं दिसायला लागली. नेहाला फोन करायची हिंमत होईना, कारण आई कुठाय असं तिने विचारलं असतं तर मी काय सांगणार होते? डॉक्टरसाहेबांचा दोनदा फोन येऊन गेला. त्यांचाही आवाज उतरला होता. किरीटभाईंनी माझ्यापुढे चहा ठेवला.

दुपारनंतर नेहाच्या नंबरवरून व्हॉट्सअ‍ॅप कॉल आला. मी उचलला तर मंदाताई.

"मुलगी झाली गं," त्या म्हणाल्या. "दोघी छान आहेत. मी पोचले आणि नेहाला आतच नेत होते. चप्पलसुद्धा नीट काढली नाही बघ, तशीच आत गेले. शेवटपर्यंत माझा हात सोडला नाही पोरीने. बोटं वळतायत अजून."

मला रडूच आलं. ऑफिसात दोन गिऱ्हाइकं बसली होती, त्यांच्यासमोर. किरीटभाईंनी त्यांना खुणेने सांगितलं की सगळं ठीक आहे.

मंदाताईंच्या फोनला तिथे नेटवर्क मिळालं नव्हतं, म्हणून एवढा वेळ कळवलं नाही. आणि लाडू? लाडू त्यांनी कोचमध्ये वाटले. माझा फोन झाल्यावर म्हणे काही वेळ डबा मांडीवर घेऊन बसल्या. मग मोटरवेवर ट्रॅफिक तुंबलं, मागचं मूल भुकेने रडायला लागलं, आणि यांनी डबा उघडला. आधी त्या मुलाच्या आईला दिला, मग शेजारच्या कॉलेजच्या मुलींना, मग अख्ख्या कोचला. पुढच्या स्टॉपवर ड्रायव्हरलाही द्यायला गेल्या. ते सरदारजी होते. लाडवात खसखस आहे कळल्यावर त्यांनी हात जोडले. आमची नोकरीत अचानक ड्रग टेस्ट होते आंटीजी, खसखशीनेसुद्धा घोटाळा होऊ शकतो, असं म्हणाले. हीथ्रोला पोचेपर्यंत डबा रिकामा. तिथल्या बाथरूममध्ये त्यांनी तो धुऊन, पुसून घेतला. खसखशीचा एक दाणासुद्धा राहू नये म्हणून.

आठवड्याभराने त्यांचा पुन्हा फोन आला. जावई पोचला होता. त्या लिटिल इंडियात जाऊन सगळं घेऊन आल्या होत्या, लाडू वळून झाले होते आणि नेहाने पहिल्याच दिवशी तीन खाल्ले होते.

"खसखशीशिवाय कसे झाले?" मी विचारलं.

"नेहाला कळलंसुद्धा नाही. मलाच कळलं," त्या म्हणाल्या. आणि मग त्यांना आठवलं की त्यांनी मला फोन खरं तर झापायला केलाय.

"आणि काय गं सुलभा? तू मला केवढं घाबरवलंस. तिथे तर कुणी ढुंकून बघितलं नाही माझ्याकडे. पासपोर्ट मशीनवर ठेवला, तोंड दाखवलं, दार उघडलं. बॅग घेतली आणि चालायला लागले. कुणी विचारलं नाही, कुणी उघडून पाहिलं नाही. उगाच वाटले मी सगळे लाडू."

नंतर त्यांनी हे लेस्टरभर सांगितलं. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात अजूनही कुणीतरी मला चिडवतं की सुलभाताईंना विचारून जाऊ नका, त्या खाऊ टाकायला लावतात. या धंद्यात एवढी वर्षं काढून मला एक कळलंय. आमचा सल्ला चुकला तर लोकांना पुरावा मिळतो. बरोबर ठरला तर काहीच घडत नाही, आणि काही घडलं नाही म्हणून कुणी आभार मानायला येत नाही.

मंदाताईंची तक्रार एवढीच आहे की त्यांना कुणी अडवलं नाही. मी पगार त्याचाच घेते.