साडूंचे सूप आणि एक प्रलंबित खुलासा

सन १९९९, दिवाळीनंतरचा पहिला रविवार. सन २०००, भोगीचा दिवस, जेव्हा सभ्य घरांत बाजरीची भाकरी आणि मिसळीची भाजी असते. सन २००१, धुळवड. या तिन्ही दिवशी, चहूकडून डोंगरांनी वेढलेल्या भोर शहरात, दोन खोल्यांच्या एका घरात समुद्र शिजवण्यात आला. जबाबदार व्यक्ती पुढीलप्रमाणे : एक, माझे साडू. दोन, माझी पत्नी, जिने कसलीही चौकशी न करता आमचे मोठे पातेले त्यांच्या हवाली केले. तीन, मी स्वतः, ज्याने पहिल्या खेपेस लेखी हरकत नोंदवली आणि पहिल्या दोन्ही खेपांस दोन-दोन वाट्या रिचवल्या. चौथे नाव शेवटी येईल. माझा खरा राग त्या नावावर आहे.

माझ्या साडूंइतका चिवट मनुष्य भोर आणि वेल्हे या दोन्ही तालुक्यांत मिळून जन्मला नाही, हे मी पूर्ण जबाबदारीने लिहितो. आम्हा दोघांच्या बायका वेल्ह्याकडच्या पासली गावच्या, सख्ख्या बहिणी. मी कचेरीत कारकुनी केली. साडूंनी एकोणीस वर्षे मालवाहू जहाजावर आचारी म्हणून काढली. लोक परदेशातून घड्याळे आणतात, रेडिओ आणतात. साडूंनी पूर्वेकडच्या कुठल्याशा बंदरातल्या एका म्हातारीकडून शिकलेले सूप आणले : कोळंबी, माकुल नावाचा एक गिळगिळीत जीव, नारळाचे दूध, गवती चहा आणि हातभर लांबीच्या शेवया. "आपल्या गावाला समुद्र नाही, याची तुम्हांस जाणीव आहे काय?" असे मी त्यांस रजिस्टर पत्राने विचारले होते. ते दोन गल्ल्या सोडून राहतात. पण तोंडी बोललेल्याला पुरावा नसतो. ते पत्र त्यांनी चौपदरी घडी करून गरम पातेल्याखाली ठेवले आणि म्हणाले, "दादा, भोरात समुद्र न्हाई ही समुद्राची चूक हाय. माजी न्हाई."

मासळीसाठी ते पहाटेच्या एस.टी.ने घाट उतरून महाडला जात आणि दुपारच्या गाडीने बर्फ व लाकडाचा भुसा भरलेला पत्र्याचा डबा मांडीवर घेऊन परतत. एकदा मी सोबत होतो. अर्ध्या घाटात बर्फाने दगा दिला आणि पुढच्या बाकावरच्या म्हातारबांनी नाकाला धोतराचा सोगा लावला. "आवं पावणं, डब्यात मयत हाय का काय?"

"मयत न्हाई बाबा, सूप हाय," साडू म्हणाले.

"मग लवकर माती द्या त्याला!"

अख्खी गाडी हसली. साडूही हसले. प्रवाशाच्या सामानाची विटंबना झाली म्हणून संतापलो तो मी एकटा. घरी पोहोचताच मी अडीच पानी तक्रार लिहिली. साडूंनी ती कौतुकाने ऐकली आणि मला नारळ खवायला बसवले.

त्यांच्या मते या सुपाचा जीव कोळंबीच्या टरफलांत आणि डोक्यांत असतो. ती तेलात लालभडक परतून पाण्यात उकळायची असतात. हे आम्हांस कोणी सांगावे? पहिल्या खेपेस माझ्या पत्नीने मोठ्या आपुलकीने कोळंबी सोलून, धुऊन, पांढरीशुभ्र करून ठेवली आणि टरफले परसात मांजरीपुढे टाकली. साडू परसात धावले. मांजरीसमोर उकिडवे बसून ते कितीतरी वेळ तिच्याशी वाटाघाटी करत होते. शेवयांचेही तसेच. बाजारातल्या पुड्या त्यांना चालत नाहीत. शेवयांचे यंत्र बाकाला आवळून ते अंड्यात मळलेल्या कणकेच्या लांबच लांब शेवया पाडतात आणि दोरीवर, धुतलेल्या बंड्यांच्या शेजारी, वाळत घालतात. सुपात कोणी भाकरी कुस्करलेली दिसली की ते डोळे मिटून घेतात.

परंतु हा सगळा खटाटोप आमच्यासाठी नव्हता, हे मला फार उशिरा कळले. तो एकाच व्यक्तीसाठी होता, आणि ती व्यक्ती, म्हणजे त्यांची पत्नी, माझी मेहुणी, त्या सुपाला शिवत नव्हती. आम्ही जेवत असू तेव्हा ती उंबऱ्यात तांदूळ निवडत बसे. भोगीच्या खेपेस मी आग्रह केला.

"न्हाई दाजी. मामंजी गेले तवा पासलीत लावणी चालली हुती, म्हायेरचं कुनी आलं न्हाई. म्या एकलीनं सम्दं केलं. आन् ह्ये तकडं बोटीवर हेच सूप ढवळीत हुते. ते म्या खावं व्हय?"

साडू पातेल्यात पळी फिरवत राहिले. नंतर मला म्हणाले, "दादा, येकोणीस वरसं मी कुठं हुतो, ते मला बोलून सांगता येत न्हाई. ह्येच येक दाखवता येतं." त्या दिवशी मी हरकतीचे पत्र लिहिले नाही.

गेल्या धुळवडीला त्यांनी तिसऱ्यांदा पातेले चढवले. जेवायला येणारे सगळे पाहुणे पानशेतला एका लग्नाच्या बोलणीला गेले. उरलो मी, आणि माझे पोट बिघडलेले. भरले पातेले तसेच राहिले.  मग दोन्ही कान फडक्याने धरून साडू ते उचलून मोरीकडे निघाले.

"ठेवा खाली," मेहुणी म्हणाली. "आन्न टाकायचं न्हाई."

भातशेतीच्या घरातली बाई ती. तिने सूप वाढून घेतले, भिंतीला पाठ टेकून बसली आणि खाऊ लागली. लांब शेवया हनुवटीवर लोंबत होत्या; तिने त्या बोटांनी गोळा केल्या. वाटी संपली. तिने पुन्हा वाढून घेतले. साडू हातात पळी घेऊन उभेच.

"कसं झालंय?" त्यांनी अखेर विचारले.

"गरम हाय," ती म्हणाली, आणि वाटी घासायला उठली.

त्यानंतर साडूंनी पातेले चढवलेले नाही. महाडची गाडी त्यांच्याविना जाते. मी विचारले तर म्हणतात, "जबाब आल्याबिगर कसं चढवू, दादा?" त्यांच्यापाशी वाट पाहण्याजोगी वर्षे फार उरलेली नाहीत.

मौन ही संमती, असे कायद्यात कधीकधी धरतात. परंतु "गरम आहे" हा अभिप्राय कोणत्याही न्यायासनापुढे टिकणार नाही. दुसरी वाटी मेहुणीबाईंनी स्वेच्छेने घेतली, याचा मी प्रत्यक्ष साक्षीदार आहे. सबब माझी जाहीर मागणी आहे की, चौथ्या क्रमांकाच्या जबाबदार व्यक्तीने, म्हणजे माझ्या मेहुणीबाईंनी, चार माणसांदेखत आणि पती समोर असताना, ते सूप कसे लागले याचे उत्तर द्यावे. उत्तर अनुकूलच असावे असा माझा आग्रह नाही. थोडे खारट होते, एवढे म्हटले तरी साडूंना पुरेल.