कानबाईपुढे उमटलेली पावलं

आमचे हे धुळ्याच्या शाळेत शास्त्र शिकवायचे आणि घरी पडवीत पांढरे उंदीर पाळायचे. काय ते कौतुक! उंदराच्या मागच्या पायांना कुंकवाचं पाणी लावायचं, लांब कागदावर त्याला चालवायचं आणि मग गुडघे टेकून पट्टीनं मोजत बसायचं. पाय किती फाकला, टाच कुठे घासली. माझा करंडा सदा रिकामा. "सवाष्ण मी, की तो?" असं एकदा चिडून विचारलं, तर म्हणाले, "जरा बाजूला हो, उजेड अडतोय."

पण चिडून करते काय? आमची पोर दोन वर्षांची झाली तरी पाऊल टाकत नव्हती. पाय धनुकलीसारखे वाकलेले. डॉक्टर म्हणाले, हाडं मऊ आहेत, माशाचं तेल पाजा. सासूबाईंनी, म्हणजे अक्कांनी, बाटली पडवीतच अडवली. "मासा घरात आला तर मी बाहेर!" मग यांनी वाकड्या पायांच्या एका उंदराला ते तेल सुरू केलं. तो सरळ चालला की आईला कागद दाखवायचा, असा बेत. अक्का त्या कागदांनी खुशाल चूल पेटवायच्या.

श्रावणात घरी कानबाई देवी बसली. घर सारवलं, चौरंगावर नथ घातलेला नारळ मांडला. आजचा दिवस तरी उंदीर पिंजऱ्यात राहू द्या, असं मी यांना हात जोडून सांगितलं. ऐकतील तर शपथ! पाय रंगवलेला तो तेलावरचा उंदीर हातातून सटकला आणि चौरंगाला वळसा घालून कोठीमागे गडप झाला.

तेवढ्यात गल्लीतल्या बाया दर्शनाला आल्या. ताज्या सारवणावर इवली इवली तांबडी पावलं!

"माय वं! कानबाईना पाय उमटनात!" देवीची पावलं उमटली म्हणत सगळ्यांनी भुईला डोकं टेकलं. अक्कांचं तोंड बघण्यासारखं झालं. उंदीर म्हणावं तर घराची अब्रू जाते, देवी म्हणावं तर जीभ रेटेना. त्यात हे पट्टी घेऊन धावत आले आणि चौरंगापुढे पालथेच पडले. जन्मात देवाला हात न जोडलेला माणूस! बाया गहिवरल्या.

हे उठले तेव्हा डोळे भरलेले होते. "आई, दोन्ही पाय सारखे पडलेत गं."

बाया गेल्यावर अक्कांनी वाकून ती पावलं एकेक करून न्याहाळली. मग त्यांनी पोरीला मांडीवर ओढलं, मला बाटली आणायला सांगितली आणि नाकाला पदर लावून स्वतःच्या हातानं तिला तेल पाजलं.

पुढे पोर भिंत सोडून चालली, त्या दिवशी अक्कांनीच तिच्या तळपायांना कुंकू लावलं, तिला ओसरीभर चालवलं आणि यांना हाक मारली. "ये, मोज आता."