धाकूदादाच्या दाराची फट

धाकू सुताराने माझ्या काकांना कच्च्या लाकडाचं दार दिलं नव्हतं. दांडी गावात साठ वर्षं उलटंच सांगितलं जातंय, म्हणून हे लिहून ठेवतो.

तेव्हा तारापूरला वीज प्रकल्प उभा राहत होता आणि मी तिथे स्टोअरमध्ये कारकून होतो. एकदा फाइल घेऊन साहेबांच्या खोलीत गेलो. बाहेर मे महिना, आत यंत्राचा गारवा, अंगावर काटा! फाइल देऊन झाली तरी पाय हलेनात. गाभाऱ्यासमोर उभं राहावं तसा उभा राहिलो.

काकांनी दांडीला नवं घर बांधलं होतं, प्रकल्पातल्या इंजिनिअरला भाड्याने द्यायला. म्हणाले, "दोन पंखे घेऊ का रे?"

"पंखे?" मी हसलो. "काका, आता कूलर घेतात."

(मी कूलर पाहिलेला नव्हता. आमच्या ऑफिसातले नागपूरकर त्याचं वर्णन करताना डोळे मिटत, एवढीच माझी माहिती.)

नागपूरहून पेटी आली: वाळ्याचे पडदे, पाण्याची टाकी, मागे पंखा. इंजिनिअर रविवारी घर पाहायला येणार, म्हणून मी शुक्रवारीच ती सुरू केली आणि साहेबांच्या खोलीसारख्या खिडक्या घट्ट लावल्या. समुद्रकाठची हवा आधीच ओली. रविवारपर्यंत माळ्यावरच्या पापडांची रुमालासारखी घडी होऊ लागली, भिंतीचा चुना हाताला लागू लागला. मला वाटलं, थंडी मुरतेय.

इंजिनिअर आत आले. गारवा जाऊ नये म्हणून काकांनी जोर लावून दार आतून लोटलं. फुगलेलं दार चौकटीत असं बसलं की उघडेना. तिघेही आत! खिडकीच्या गजांतून हाका मारल्या तेव्हा धाकूदादा आला, खांद्याने दार ढकललं आणि तिथेच कड तासायला बसला.

"कच्चं लाकूड मारलंस माझ्या गळ्यात," काका म्हणाले.

"दोन पावसाळं सुकवलाय काका. यात पानी कुठून आला?"

मी टाकीकडे पाहिलं आणि गप्प बसलो. इंजिनिअर शिंकत म्हणाले, "घर लूँगा, मगर पंखा लगवाइए."

धाकूदादाला मात्र आमच्याकडचं काम पुन्हा मिळालं नाही.

गेल्या महिन्यात त्याच्यासमोर सगळं कबूल केलं.

"मला तवाच समजला," तो म्हणाला. "रंध्यातून सुक्या ढलप्या नाय, लगदा निगत होता."

"मग बोलला का नाहीस?"

"तू परकल्पातला मानूस. म्हटला, नवी इद्या असंल."

फुगलेलं दार तासलेलं, त्यामुळे सुकल्यावर बोटभर फट राहिली. तिच्यातून समुद्राचा वारा अजून येतो. त्या घरात माझ्यामुळे झालेली गारव्याची सोय एवढीच, आणि तीही धाकूदादाच्या हातची.