गोणीतला फोटो

मांजरीचे फोटो काढायला मी हौसेने शिकले नाही. नातीचा माझ्यावर विश्वास नव्हता, म्हणून शिकले.

वैशाखरे गावाच्या अलीकडे, माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडं आत आमचं घर आहे. या वर्षी शाळा सुरू झाल्यापासून मुलगा, सून आणि नात शहापूरला खोली घेऊन राहतात. नात चौथीत आहे. मी चौथीतच शाळा सोडली, त्यामुळे पुढच्या वर्षी ती माझ्या पुढे जाईल. खोलीच्या मालकाने मांजर आणायची नाही असं आधीच बजावलं होतं. मांजर माझ्याकडे राहिली.

निघताना नात ओटीवर उभी राहून म्हणाली, "आजी, तू हिला पन मामाकडं पाठवशील."

हे मामाचं सांगायला हवं. आधी आमच्याकडे एक पांढरी मांजर होती. तिला कोंबडीची पिल्लं खायची चटक लागली. पाच खाल्ली, सहाव्याला मी तिला धरलं. आमच्याकडे अशी मांजर मारत नाहीत. तिला गोणीत घालतात, गोणीचं तोंड सुतळीने बांधतात, परतीची वाट कळू नये म्हणून गोणी तीनदा गरगर फिरवतात आणि लांब कुठे सोडून येतात. मीही तेच केलं. मुलगा गोणी मोटारसायकलवर घेऊन गेला आणि घाटापलीकडे सोडून आला. नात तेव्हा पाच वर्षांची होती. गोणी आतून हलताना तिने दारातून पाहिली. मी सांगितलं, मांजर मामाकडे गेली. पोर लहान होती, पण खुळी नव्हती. मामाकडे कोणी गोणीत बसून जात नाही.

म्हणून ठरलं, मी रोज मांजरीचा एक फोटो पाठवायचा. मुलाने त्याचा जुना फोन मला दिला. त्याचा एक कोपरा फुटलेला आहे. कुठे दाबायचं आणि कसं पाठवायचं ते सुनेने दोनदा दाखवलं. तिसऱ्यांदा मी विचारलं नाही. आमच्या घरात बोलण्यापुरती रेंज येते, फोटो काही जात नाही. त्यासाठी रस्त्याकडेच्या चिंचेखाली जाऊन उभं राहावं लागतं.

मांजर काळी आहे, पुढचे दोन पंजे तेवढे पांढरे. पायांना भिंगरी आहे. बसली म्हणेपर्यंत उठते. पहिल्या दिवशी मी तिचा चुलीपाशी फोटो काढला. काळी चूल, काळी भिंत, काळी मांजर. संध्याकाळी नातीचा फोन आला.

"आजी, ही माऊ नाय. काळा डाग हाय."

दुसऱ्या दिवशी नुसती शेपटी आली. तिसऱ्या दिवशी माझं बोट. चौथ्या दिवशी मांजर दिसली, पण तिच्यामागे वळणीवर माझा परकर वाळत होता आणि फोटोत मांजरीपेक्षा परकर मोठा होता. तो फोटो नातीने मैत्रिणींना दाखवला.

"सगळ्या हसल्या गो, आजी."

"हसू दे. त्यांच्या आज्या काय परकर नेसत नाय?"

एक दिवस मांजर दुपारपर्यंत घरी आलीच नाही. मी आदल्या दिवशीचाच फोटो पुन्हा पाठवला. नातीने ताबडतोब पकडलं. "कालच्या फोटोत पन चप्पल अशीच उलटी पडलेली. आजी, माऊ कुठं हाय?" मांजर तासाभराने आली, पण तोवर माझी पत गेली होती. तेव्हा मी ठरवलं, फोटो असा काढायचा की पोरीने बोट ठेवायला जागा सापडू नये.

मग मी लक्ष घातलं. आधी कळलं की काळ्या मांजरीला उजेड लागतो, पण उजेड तिच्या पाठीमागे असला तर ती कोळसा दिसते. सकाळी आठच्या सुमारास ओटीवर तिरकं ऊन येतं, तेव्हा तिच्या अंगावरचा केस न् केस वेगळा दिसतो. दुसरं, उभं राहून वरून फोटो काढला की नुसती पाठ आणि डोकं येतं. तिच्या डोळ्यांइतकं खाली जावं लागतं. माझे गुडघे तसे वाकत नाहीत. मग मी भात मोजायची पायली पालथी घालून तिच्यावर फोन ठेवायला लागले आणि स्वतः बाजूला पाय पसरून बसायला लागले. हातही हलत नाही.

सुक्या बोंबलाचा तुकडाही दाखवून पाहिला. ती सरळ फोनवरच आली आणि काच चाटून गेली. फोटोत एक नाक आलं, रताळ्याएवढं. खाणं दाखवायचं नाही हे तेव्हा कळलं. त्यापेक्षा सुपावर नख ओढायचं. खर्र आवाज झाला की तिचे कान उभे राहतात, मान वळते आणि ती क्षणभर पुतळ्यासारखी थांबते. तेवढ्यात दाबायचं. एकदा नाही, दहा-बारा वेळा. त्यातला एक ठेवायचा, बाकीचे पुसायचे. फोटो काढण्याआधी मागच्या चपला, डबे, परकर सगळं उचलायचं. एवढं केलं तरी कडेला काही नको ते राहिलं, तर ते फोनवरच कापता येतं, हे मला शेजारणीच्या सुनेने शिकवलं. तीच एकदा म्हणाली, "आत्या, तुमचा फोटो मी अजून सुधारते," आणि तिने मांजरीभोवती गुलाबाच्या फुलांचा हार काढून दिला.

"काढ तो आधी," मी म्हटलं. "जिवंत मांजरीला हार घालतेस? पोरगी तिथं रडून मरंल."

भात झोडून झाला. गोण्या भरून आतल्या घरात लावल्या. एक गोणी रिकामी राहिली, ती ओटीवर पडली होती. त्या सकाळी मी पायली मांडून बसले, तर मांजर गोणीत शिरली. भाताच्या गोणीला उंदराचा वास असतो, म्हणून शिरली असेल. आत सगळं हुंगून उलटी फिरली आणि तोंड बाहेर काढून बसली. ऊन नेमकं तिच्या तोंडावर. दोन पांढरे पंजे गोणीच्या काठावर, हिरवे डोळे, मागे आतला अंधार. मी सुपावर नख ओढलंसुद्धा नाही. ती आपणहून माझ्याकडे बघत होती. मी एकदाच दाबलं. फोटो इतका स्वच्छ आला की मिशा मोजून घ्याव्यात.

मी तो कापला नाही, काही नाही. तसाच चिंचेखाली जाऊन पाठवला. परत येताना चार बायकांना दाखवला.

संध्याकाळी नातीचा फोन आला नाही. मीच केला, तर सुनेने उचलला.

"आई, तुमी कसला फोटो पाठवला? पोरगी जेवली नाय. म्हणते, आजीनी माऊला गोणीत घातली."

मी कपाळावर हात मारला. ऊन पाहिलं, पंजे पाहिले, मिशा पाहिल्या, गोणी काही पाहिली नाही. साऱ्या फोटोभर गोणीच होती.

"दे तिच्याकडं," मी म्हटलं.

मग नात म्हणाली, "कवा नेणार हाय तिला?"

"कोन नेतंय? ती आपल्या पायानी शिरली गो गोणीत. तोंड उघडं हाय, फोटो नीट बघ."

"फोटो झाल्यावर बांधलं असशील."

पोरीचं बरोबर होतं. पुढे मी काय केलं, ते फोटोत येत नाही.

"आजी, पांढरी कुठं हाय?"

"घाटाच्या पलीकडं सोडली."

"मंग?"

"मंग काय झालं ठाऊक नाय."

"मेली असंल?"

"असंल. नायतर कुनाच्या घरी उंदीर खात असंल. मी बघाया गेले नाय."

"मंग मामा?"

"मामा कुनी नव्हता. ते मी खोटं बोलले."

ती रडली नाही. "बरं," म्हणाली आणि फोन आईकडे दिला. सून म्हणाली, "कशाला सांगितलं, आई? लहान हाय ती." मी म्हटलं, लहान होती तेव्हा खोटं सांगितलं, त्याचं काय झालं ते बघतेच आहे.

सकाळी मी विळा घेतला आणि गोणीची शिवण उसवली. आधी एक बाजू, मग बूड. चांगली, न फाटलेली गोणी होती. शेजारीण वईच्या कुंपणावरून डोकावली.

"येड लागलं का गो? चांगल्या गोणीची चिंधी करत्येस?"

"मांजरीला अंथरूण पायजे."

"मांजरीला? तुला कवापासनं मांजरीची माया?"

"माया नाय. कर नाय त्याला डर कशाला, ते पोरीला पटवायचंय. जा, तुझं काम कर."

उसवलेलं गोणपाट मी ओटीवर उन्हात पसरलं, चारी कोपरे दिसतील असं. पायली पालथी घातली, वर फोन ठेवला. मांजर दोनदा येऊन गेली. तिसऱ्यांदा गोणपाट हुंगलं, वर चढली आणि नखं घासायला लागली. मी सुपावर नख ओढलं. तिने पाहिलं. मी दाबलं.

चिंचेखाली जाऊन फोटो पाठवला. कडेला शिवणीची सुटलेली सुतळी दिसत होती, ती मी फोटोतून कापली नाही. मुद्दाम ठेवली.

त्या दिवशी रविवार होता, नात घरीच होती. मी घरी पोचायच्या आत फोन वाजला.

"आजी."

"बोल."

"ही कालचीच गोणी हाय?"

"तीच. आता तिच्यात मांजर कसली, मूठभर भात पन राहायचा नाय."

ती फोटो बघत असावी.

"आजी, शेपटी कापलीस."

मी फोन डोळ्यांपासून लांब धरून फोटो पाहिला. खरंच, शेपटीचं टोक बाहेर गेलं होतं.

"परत काढ," ती म्हणाली. "आनि ती सुतळी काढ तिथली. घाण दिसते."

मी घरी येऊन सुतळी उचलली. मांजर तोवर उठून कुठेतरी गेली होती. मी पायली वीतभर मागे सरकवली, म्हणजे शेपटीला जागा राहील, आणि बसून राहिले.