चाळीस मिनिटांचं पाणी

प्रयोगशाळेत त्यांना सगळे थांबाकाका म्हणत. चिडायचं सोडून ते स्वतःच फोन उचलून "थांबाकाका बोलतोय" म्हणत, म्हणजे बघा.

त्यांचं राज्य तळघरात. तिथे बारा मीटर लांबीची काचेची टाकी, तिच्यावर रूळ, रुळांवर गाडा आणि गाड्याला लटकलेली चौकोनी पट्ट्यांची जाळी. गाडा ओढला की जाळी पाणी ढवळत या टोकाहून त्या टोकाला जायची आणि मागे उरलेली खळबळ कॅमेरे टिपायचे. वरच्या मजल्यावरच्या विद्वानांना एकच प्रश्न सतावत असे: ही खळबळ सगळ्या दिशांना सारखी आहे, की एखाद्या दिशेला झुकलेली? ते कळायचं तर आधी पाणी स्वस्थ हवं. म्हणून प्रत्येक फेरीनंतर चाळीस मिनिटं थांबायचं. टाकीला कोणी टेकायचं नाही, गाड्याला हात लावायचा नाही. भल्याभल्या प्राध्यापकांना काकांनी "थांबा" म्हणून दाराबाहेर उभं केलं होतं. वेळ भरली की काका बॅटरी लावून, भिंगातून पाण्यातले काचेचे बारीक मणी बघत. मणी एका बाजूला सरकत असतील तर पाणी अजून चालतंय. जागच्या जागी असतील तर वहीत वेळ टाकून पुढे "शांत" लिहीत. एकतीस वर्षांत त्या शब्दावर कोणी शंका घेतली नव्हती.

खरं सांगायचं तर ती चाळीस मिनिटं काकूंची होती. घर दोन खोल्यांचं आणि माणसं सात. नवराबायकोला दोन शब्द बोलायचे तर चोरीच. म्हणून काकू तळघरातल्या फोनवर फोन करत. त्यासाठी काकांनी फोनची वायर टाकीच्या टोकापर्यंत पोहोचेल एवढी लांब करून घेतली होती, आणि वर कारण सांगितलं होतं कामाचं. "पाणी निवळलं का?" हा काकूंचा पहिला प्रश्न. "अजून नाही" म्हटलं की "मग ऐका." मुलींच्या शाळा, सासूबाईंचं पथ्य, गळकं छप्पर, सगळ्याचा निकाल या फोनवर लागला. भांडणंही झाली, पण ती वेळेत मिटवावी लागत. त्यांचा संसार निम्मा तरी त्या वायरीतून झाला.

मागच्या थंडीत काकू गेल्या. पंधरा दिवसांनी काका कामावर आले. कामात मन रमेल, असं जो तो म्हणाला. गाडा चालू असेपर्यंत रमायचंही. तो थांबला की मात्र तळघर खायला उठायचं. फोन वाजत नसे. विसाव्या मिनिटाला काका उठून येरझाऱ्या घालत, पंचविसाव्याला भिंगाला हातही न लावता वहीत चाळीस मिनिटांची वेळ टाकत आणि "शांत" लिहून वर कळवत. वरवर पाहता पाणी शांतच दिसे.

असं तीन महिने चाललं. त्या काळात टाकीवर एकाच मुलीचे प्रयोग चालू होते. पाच वर्षांच्या संशोधनाचा हा शेवटचा टप्पा, महिन्याभरात प्रबंध द्यायचा. आणि तिची खळबळ काही केल्या सारखी येईना. टाकीच्या लांबीच्या दिशेला दर वेळी झुकलेली. तिच्या मार्गदर्शक सरांनी जाळीवर संशय घेतला. काकांनीच पट्टी न् पट्टी मोजून दिली, जाळी निर्दोष. मग एका दुपारी जिन्यात त्यांच्या कानावर पडलं, ती मुलगी सरांना सांगत होती की चूक आपलीच असणार, हे काम आपल्याला झेपत नाही, सोडून द्यावं म्हणते.

काका जिन्यातच बसले. गप्प राहिलं तर एकतीस वर्षांचा शब्द शाबूत राहणार होता. पण पोर हकनाक बुडत होती.

संध्याकाळी त्यांनी तिला खाली बोलावलं आणि वही पुढे ठेवली.

"जाळी सरळ आहे, पोरी. तूही बरोबर आहेस. पाणी चालत होतं. मी थांबलो नाही."

मग त्यांनी सगळं सांगितलं. पंचवीस मिनिटं, न उचललेलं भिंग, काकूंचा फोन, तो पहिला प्रश्नसुद्धा. सांगताना ते तिच्याकडे बघू शकले नाहीत.

"तीन महिने, काका," एवढंच ती म्हणाली आणि वही घेऊन वर गेली. रागावलीच होती, का नाही रागावणार? रात्रभर काकांच्या डोळ्याला डोळा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी सरांनी प्रबंधाला मुदतवाढ मागितल्याचं कळलं. काकांना बोलणी खावी लागली, ती त्यांनी मान खाली घालून खाल्ली. मुलीने पहिल्यापासून सुरुवात केली. तिची जागा वर, कॅमेऱ्यांच्या पडद्यांसमोर, काकांची खाली. पहिली फेरी झाली, गाडा थांबला. काका स्टुलावर बसले, दोन्ही हात मांडीखाली दाबून.

सातव्या मिनिटाला फोन वाजला. त्या तळघरात तीन महिन्यांत पहिल्यांदा.

"काका, पाणी निवळलं का?"

"अजून नाही."

"मग ऐका," ती म्हणाली, आणि घरमालकिणीच्या मांजरीने आपल्या चपलेत पिल्लं घातल्याची लांबलचक हकिगत सांगायला लागली. शेवटी काका हसले. डोळे पुसत हसले.

चाळीस मिनिटं झाली तेव्हा काकांनी रिसीव्हर खांद्याशी धरून बॅटरी लावली. भिंगाखाली मणी सरकत होते, अगदी किंचित.

"जरा थांब," ते म्हणाले, आणि फोन कानाशीच ठेवला.