ट्रकला आवतण

वडसा गावातला माझा शेजारी हप्त्यावरचा ट्रक सुरू करण्याआधी बॉनेटवर थाप मारून "चाल भाऊ" म्हणायचा. माझ्याकडे बैलगाडीच होती. ती थाप ऐकली की माझा जळफळाट व्हायचा. नागपूरचा व्यापारी जुना ट्रक घेऊन त्याला नवा द्यायला तयार होता. तो जुना मग व्यापाऱ्याकडून स्वस्तात आपण पटकवावा, म्हणून मी टपलेलो.

"देऊन टाक ना," मी रोज म्हणायचो.

"पाहू," म्हणायचा.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी, बैलांच्या खांद्यांना चोळतात तसं हळद-लोणी त्यानं ट्रकच्या मडगार्डांना चोळलं, आणि बैलांना म्हणतात तेच ट्रकला म्हणाला, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मग माझ्याकडे वळला. "आवतन देलं न भाऊ. आता इकू कसा याले?"

मी अंगणात माझ्याच बैलांचे खांदे चोळत होतो. नजर मात्र त्या पिवळ्या मडगार्डांवरून हटेना.