जिनिंगच्या दाराचं सील

"सोमवारी कोर्टाचा बेलीफ येतोय म्हणे, आणि या खेपेला तो सील तोडून…"

एवढंच ऐकलं मी! विहिरीवर दोघी जणी बोलत होत्या. मी घागर घेऊन पोचले आणि दोघी गप्प. मला सगळीकडे नाक खुपसायची सवय, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक. त्यामुळे महत्त्वाचं वाक्य माझ्यापाशी येऊन नेहमी अर्धंच राहतं. पण त्या दिवशीचं अर्धं वाक्य मी घरापर्यंत घोकत आले. सील तोडून काय? दार उघडणार, की जिनिंग लिलावात काढणार?

तेव्हा सायबाचं राज्य होतं. जळगावात आमच्या घरासमोर दामूभाऊंचं जिनिंग होतं, कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना. दामूभाऊ आणि धुळ्याचे त्यांचे चुलतभाऊ नथूनाना असे दोघं भागीदार. दोघांचं बिनसलं, वाटणीचा दावा लागला आणि ऐन हंगामात कोर्टानं दाराला कुलूप घालून वर लाखेचं सील ठोकलं. निकाल लागेपर्यंत! संक्रांतीला उघडेल, असं दामूभाऊ म्हणाले. संक्रांत गेली, होळी गेली. कोर्टात तारखा साचत राहिल्या आणि आमच्या गल्लीत किस्से. घाबरलेलं माणूस एकतर तोंड मिटून बसतं, नाहीतर बडबडत सुटतं. मी बडबडणाऱ्यांतली!

*

सील लागलं त्याच दिवसाची गोष्ट. कासमभाई म्हणजे जिनिंगचे मिस्त्री. इंजनाला ते लेकरासारखं जपायचे. बेलीफ लाख तापवत होता, तेवढ्यात आतून "म्यांव" झालं. कासमभाईंची मनी आतच राहिली होती!

"साहेब, मांजर आत आहे," कासमभाई हात जोडून म्हणाले.

बेलीफानं जप्तीची यादी वरपासून खालपर्यंत वाचली. "इंजन आहे, चरखे आहेत, तराजू आहे, कापूस आहे. मांजर नाही."

"पण साहेब, आवाज…"

"यादीत मांजर नाही, म्हणजे आत मांजर नाही!" आणि ठप्पा मारला.

तेव्हापासून कासमभाई दाराखालच्या फटीतून रोज दुधाची बशी सरकवायचे. बशीमागं आधी एक पंजा दिसायचा आणि मग कासमभाईंचा जीव भांड्यात पडायचा. उंदरांना मात्र आत तोटा नव्हता!

*

धरणगावकडच्या शेतकऱ्यांच्या कपाशीच्या गाड्या दरवर्षी आमच्याच गल्लीत यायच्या. त्याही वर्षी आल्या. पुढच्या गाडीवरच्या आबांनी सील पाहिलं, खाली उतरले आणि पायातल्या वहाणा काढून त्या सीलाला नमस्कार केला. देवाला करतात तसा नव्हे, फौजदाराला करतात तसा!

दामूभाऊ धावत गेले. "आबा, थांबा ना. थोड्या दिवसांत उघडेल. गाड्या इथंच सोडा."

आबा चार पावलं मागं सरकले. "नको रे भाऊ. हाई दार कोर्टनं शे. आमनी कपाशी आत गयी, ते ती आमना नातू बाहेर काढी!"

गाड्या वळल्या आणि दुसऱ्या जिनिंगकडे गेल्या. गाड्यांच्या मागोमाग कोपऱ्यावरचा चहावाला गेला, मग चाकांना लोखंडी धावा ठोकणारा लोहार गेला. सरकी पाखडणाऱ्या बायका एक दिवस दारापाशी बसून उठल्या, त्या पुन्हा आल्याच नाहीत. एवढीशी लाख, पण तिनं अख्खी गल्ली गार केली. दामूभाऊ मला म्हणाले, "अक्का, दसऱ्याला नवा कापूस येईल. तेव्हाही दार बंद दिसलं, तर या गाड्या पुन्हा इकडे वळायच्या नाहीत. मग निकाल माझ्या बाजूनं लागला तरी मी त्याचं काय करू?"

*

दावा धुळ्याच्या कोर्टात होता. दामूभाऊ चाळीसगावला गाडी बदलून तारखेला जायचे. बायको सरूवहिनी कळण्याची भाकरी आणि भरीत बांधून द्यायची. पहिल्या खेपेला कळलं, जज्जसाहेबांची बदली झाली. दुसऱ्या खेपेला नवे साहेब अजून यायचे होते. कोर्टाच्या आवारात लिंबाखाली दामूभाऊ एकटेच भाकरीचं फडकं सोडून बसले. पलीकडे नथूनाना बसलेले, तेही तसेच उपाशी आणि तेही तसेच घाबरलेले. दावा लागल्यापासून बोलणं नव्हतं. शेवटी दामूभाऊंनीच अर्धी भाकरी भरीत घालून पुढं केली.

नथूनानांनी ती खाल्ली, हात धुतले, आपल्या वकिलाकडे चोरून पाहिलं आणि हळूच म्हणाले, "वहिनीला सांग, पुढच्या तारखेला मिरची जरा कमी!"

*

उन्हाळा लागला. आत कापसाच्या गंजी, वर पत्रा आणि खानदेशातलं ऊन! एका दुपारी कुणीतरी ओरडलं, "जळकट वास येतोय!" झालं! सगळी गल्ली हंडे-कळश्या घेऊन दारापाशी. कापूस पेटला तर पहिलं घर आमचं! कासमभाईंनी पहार उचलली, पण सीलापाशी येऊन हात थांबला. कुणाचीच पुढं जायची छाती होईना. दामूभाऊ पळत वकिलांकडे गेले.

वकील म्हणाले, "सीलाला हात लावू नका. अर्ज द्या."

"अहो, पण आग लागली असली तर?"

"मग अर्जावर 'अत्यंत तातडीचे' असं लिहा!"

वास सरूवहिनीच्या चुलीवर करपलेल्या खिचडीचा निघाला. तरी त्या दिवसापासून घरोघरच्या भरलेल्या कळश्या जिनिंगच्या भिंतीशी ओळीनं उभ्या राहू लागल्या.

*

दामूभाऊ निघताना वकिलांनी आणखी एक बजावलं होतं. "सील तुटलेलं दिसलं, तर ते तुम्हीच तोडलं असं म्हणतील. मग दावा गेलाच समजा!"

आता लोखंडी कुलपावर दुपारचं ऊन पडलं की लाख मऊ व्हायला लागायची! सरूवहिनीनं बोट लावून पाहिलं आणि झटकन मागं घेतलं. तिनं गोणपाट भिजवून सीलावर धरलं. ती दमली की मी धरी, मी दमले की कासमभाई. आमचे हे एकदा चिडून म्हणाले, "माझ्या डोक्यावर कधी ओला रुमाल ठेवलास का?"

मी म्हटलं, "तुमच्यावर कोर्टाचा ठप्पा नाही!"

*

तर तो सोमवार. कोर्टाची सुट्टी संपली होती. दामूभाऊ धुतलेला कोट घालून उभे. कासमभाईंच्या हातात तेलाची बुधली. सरूवहिनी गोणपाटाचा बोळा छातीशी धरून. कुणी म्हणत होतं, दार उघडणार. कुणी म्हणत होतं, लिलाव.

बेलीफ आला. त्यानं सील निरखलं आणि खरंच, हातोडीनं ते तोडलं! कुलूप काढलं, दार ढकललं. आतून कोंदट कापसाचा वास अंगावर आला.

"उघडलं?" दामूभाऊ उंबऱ्याकडे निघाले, तसा बेलीफानं हात आडवा केला.

"आत कुणी पाऊल टाकायचं नाही. सील वाचता येत नाही, असा रिपोर्ट गेलाय. ओलाव्यानं लाख पांढरी पडली, अक्षरं गेली. नवं सील लावायचा हुकूम आहे. आतला माल तेवढा पाहून घेतो."

"साहेब, इंजनाला एवढं तेल घालू द्या," कासमभाई म्हणाले.

"हुकुमात नाही."

तेवढ्यात मनी उंबऱ्यात आली. चांगली गुबगुबीत झालेली! तिनं बेलीफाच्या लाखेचा वास घेतला, आम्हा सगळ्यांकडे एकवार पाहिलं आणि शेपटी वर करून परत आत गेली.

दार लागलं. नवी लाख, नवा ठप्पा. बेलीफ टोपी पुसत निघून गेला. ऊन सरकत सरकत कुलपापाशी आलं. सरूवहिनी एका हातात कळशी आणि एका हातात गोणपाट घेऊन तिथंच उभी होती.

"अक्का," ती कुजबुजली, "आता हे ओलं करू, की कोरडंच धरू?"